मामाला मामा बनवलं तेव्हा

“बाई, कुणाला फसवलं की आपण म्हणतो, त्याला मामा बनवला. मग काका का नाही बनवत?”

प्रश्न विचारला मी, पण तो शिजला होता चष्मिश आणि लंबू या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींच्या डोक्यात. बुधवारी शेवटचे दोन तास रद्द करून आम्हाला सभागृहात बसवलं होतं. व्यासपीठावर शब्दकोश तयार करणाऱ्या एक बाई आल्या होत्या आणि ‘शब्दांचा प्रवास’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलत होत्या. प्रवास लांबचा होता. अर्धं सभागृह वाटेतच झोपलं होतं.

“आता म्हणतील, प्रश्न विचारा,” लंबू माझ्या कानाशी कुजबुजली. “हिंमत असेल तर मामाचं विचार.”

“हिची कसली हिंमत!” चष्मिश म्हणाली. “विचारलंस ना, तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू.”

मागच्या वर्षीची मी असते तर माझं दप्तर मुकाट्यानं मीच वाहिलं असतं. तेव्हा मी वर्गात ‘हजर’ एवढाच शब्द बोलायचे, आणि तोही कधीकधी बाईंपर्यंत पोचायचा नाही, मग गैरहजेरी लागायची. पण यंदा एके सकाळी शाळेच्या प्रार्थनेला बातम्या वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला. ऐन वेळी समोर दिसले म्हणून कुणीतरी माझ्या एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात माइक कोंबला, आणि स्पीकरमधून स्वतःचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा कळलं की अरे, हा तर चांगला आहे की! तेव्हापासून मी थांबलेली नाही. आई म्हणते, हिला जन्मतःच एक बटण बसवून घ्यायला हवं होतं.

तर मी उठले आणि विचारलं. मग मागच्या रांगेतून खसखस पिकली ती पुढपर्यंत आली. वर्गशिक्षिकांनी माझ्याकडे असे काही डोळे वटारले की दप्तराची पैज मला एकदम स्वस्त वाटायला लागली. लंबू खुर्चीखाली काहीतरी शोधू लागली. काही पडलेलं नव्हतं.

व्यासपीठावरच्या बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पुन्हा म्हण बरं.”

मी पुन्हा म्हटलं. या वेळी जरा हळू.

“बावीस वर्षं मी शब्द गोळा करतेय,” त्या म्हणाल्या, “आणि हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मला येत नाही.” आणि त्या इतक्या खूश दिसल्या की जणू उत्तर न येणं हीच त्यांची रोजची मिठाई. “पण मामाची गंमत सांगते. बाळ दूध पिताना ओठ मिटून जो आवाज काढतं तो ‘म’. म्हणून कितीतरी भाषांत ‘मामा’ म्हणजे आई. चिनी भाषेत आई, स्वाहिलीत आई. आपलं बाळ जेवण मागताना ‘मंमं’ म्हणतं. जपानी बाळ जेवणाला ‘मंमा’ म्हणतं. आणि ही दोन बाळं आयुष्यात कधी एकमेकांना भेटलेली नाहीत! आता सांगा, जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे कोण?”

“आत्या!” कुणीतरी ओरडलं.

“बाबा. आणि आईला तिथे ‘देदा’ म्हणतात.”

झोपलेलं अर्धं सभागृह खडबडून जागं झालं. जॉर्जियन बाळाची भलतीच पंचाईत होत असणार यावर माझ्या रांगेत लगेच चर्चा सुरू झाली.

“आणि तुम्ही रस्त्यात ज्याला त्याला ‘अंकल’ म्हणता ना, तो शब्द लॅटिनमधून निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता फक्त आईचा भाऊ. काकासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता. म्हणजे तुमचे सगळे अंकल हे मुळात मामाच.” मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तुला उत्तर शोधायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या कोशाच्या खोलीवर ये. पाच चिठ्ठ्या भरून आण. ‘मामा बनवणे’ हा वाक्प्रचार माणसांनी खरोखर बोललेल्या वाक्यांत. कोण बोललं, कुणाला, कशावरून, सगळं लिहायचं. पुस्तकातलं एकही नको.”

दप्तर त्या दिवशी लंबूनं उचललं. चष्मिशनं डबा आणि पाण्याची बाटली. मी हात हलवत पुढे.

आता खरी गोष्ट. पाच चिठ्ठ्यांसाठी मला फार हिंडायची गरजच नव्हती, कारण त्याच आठवड्यात मी स्वतः एका माणसाला रोज मामा बनवत होते. आणि तो माणूस माझा सख्खा मामा होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं काम शिकायला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आला, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीखाली आईचं मशीन, त्याच्या शेजारी लांब टेबल. त्यावर सकाळी आई कापड बेतते, दुपारी मी अभ्यास करते आणि रात्रीचं जेवणही तिथेच. भिंतीला खिळ्यांवर दोऱ्याची रिळं. कोपऱ्यात मामाची घडीची खाट आणि त्याखाली त्याची हत्यारांची लोखंडी पेटी. मामा दिवसभर सायकलवरून घरोघरी आणि दुकानोदुकानी मशीनं दुरुस्त करत हिंडतो. त्याला मशीन उघडावंही लागत नाही. दारातून आवाज ऐकतो आणि म्हणतो, “शटलला कचरा अडकलाय.” अडकलेलाच असतो. मला तो ‘बॉबिन’, म्हणजे मशीनच्या पोटात फिरणारं छोटं रीळ, म्हणतो, कारण मी लहानपणी त्याच्याभोवती नुसती गरगर फिरायचे. आणि गरगर फिरता फिरता स्क्रू-ड्रायव्हर धरायलाही शिकले.

तीन आठवड्यांपूर्वी मामाला एक पत्र आलं. रेल्वेनं सहा तासांवरच्या शहरात कपड्यांचा मोठा कारखाना आहे, तिथे मेकॅनिकची जागा. हजर व्हायचं सोमवारी. नाही झालात तर यादीतला पुढचा माणूस घेऊ, असं त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

आईनं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. बाबा म्हणाले, “शेवटी माझी बाथरूमची रांग एका माणसानं कमी होणार.” बाबा असेच बोलतात. ते रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतात, आणि घरी आल्यावर मी त्यांचं पिते, असं तेच म्हणतात.

मामा मात्र पत्राची घडी करत म्हणाला, “ताईचे पडदे होऊ देत. एवढं काम अंगावर असताना मशीन दगा द्यायला लागलं तर ती काय करेल? मशीन सुरळीत चालतंय अशी खात्री झाली की जातो.”

आईकडे दवाखान्याच्या नव्या इमारतीचे बहात्तर पडदे शिवायला आलेले. पुढच्या आठवड्यात द्यायचे. मामाचं वाक्य मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मशीन सुरळीत चाललं की मामा जाणार. म्हणजे मशीन सुरळीत चाललं नाही तर...

मला ते पाप वाटलंच नाही. मला तो उपाय वाटला.

आई रोज चार वाजता अर्धा तास खाली कापडाच्या दुकानात जाते. या मंगळवारी, पहिल्या दिवशी, मी सुई काढून उलटी बसवली. सुईची एक बाजू सपाट असते, ती चुकली की टाके सुटतात. दुसऱ्या दिवशी वरच्या दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू दोन आटे सैल केला. कापडाखाली दोऱ्यांची अशी काही जाळी झाली की कोळ्यालाही लाज वाटावी. तिसऱ्या दिवशी कापड पुढे ढकलणाऱ्या दातांमध्ये दोऱ्यांचा बोळा कोंबला. रोज संध्याकाळी आई कपाळाला हात लावायची, मामा हत्यारांची पेटी ओढायचा, मी शेजारी बसून गंभीर चेहऱ्यानं टॉर्च धरायचे. मामा डोकं खाजवून म्हणायचा, “कमाल आहे. काल तर नीट होतं.” आणि मी म्हणायचे, “जुनं झालंय रे ते, मामा. तू नसलास तर कसं व्हायचं!”

मामाला मामा बनवणारी जगातली पहिली भाची! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की विचारू नका.

गुरुवारी मी चिठ्ठ्या भरायला घेतल्या. पहिली शाळेच्या शिपाईमामांची: “पोरांनी खोटं घड्याळ दाखवून माझ्याकडून घंटा पाच मिनिटं आधी वाजवून घेतली, चक्क मामा बनवला मला.” मामाच मामा बनले, म्हणून ती मी दोनदा अधोरेखित केली. दुसरी बाबांची, त्यांनी घेतलेल्या नव्या छत्रीबद्दल. उघडली तर आठपैकी तीन काड्या जागेवर होत्या. तिसरी लंबूची, माझं दप्तर जिन्यावरून ओढत नेताना: “विचारायला लावलं आम्ही आणि मामा बनलो आम्हीच.” चौथीसाठी संध्याकाळी आईकडे गेले तर ती टेबलाशी बसून अख्खा पडदा उसवत होती. वरून खालपर्यंत. दातांत अडकून शिवण वेडीवाकडी गेली होती, आणि कापड जाड, त्यामुळे एकेक टाका सुईच्या टोकानं उचलावा लागत होता. तिच्या अंगठ्याला पट्टी होती.

“आई, ‘मामा बनवणे’चा वाक्यात उपयोग कर ना.”

तिनं मान वर केली नाही. “हे मशीन मला रोज मामा बनवतंय. झालं? लिही आणि जरा ती कात्री दे.”

मी लिहिलं. कोण बोललं: आई. कुणाला: मला. कशावरून. तिथे मी जरा थांबले, आणि ‘मशीनवरून’ असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं. शुक्रवारी चार वाजता मी मशीनला हात लावला नाही. म्हटलं, आज सुट्टी.

पाचवी चिठ्ठी मी माझीच भरली.

शनिवारी कोशाच्या खोलीवर गेले. झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, दारावर पाटीसुद्धा नाही, नुसती एक चिठ्ठी चिकटवलेली. आत जिथे भिंत असायला हवी तिथे कप्पे. छतापर्यंत लाकडी कप्पे, प्रत्येकाला पितळी कडी, कडीखाली अक्षर. कोशबाई शिडीवर उभ्या होत्या, तोंडात पेन्सिल.

“आलीस? ‘मा’ खालून तिसरा. उघड.”

मी उघडला. एकट्या मामाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच जवळजवळ माझ्या पावलाएवढा लांब! रस्त्यावर शिट्टी मारणारा पोलीस मामा. घंटा वाजवणारा मामा. बाळाला खिडकीतून दाखवायचा चांदोमामा. संस्कृतातला ‘मातुल’, आईवरून आलेला. आणि एका पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर असं की फार जुन्या गोष्टींमध्ये जनावरं एकमेकांना लाडानं ‘माम’ म्हणून हाक मारतात.

“म्हणजे कुणीही कुणाचा मामा?” मी विचारलं.

“ज्याच्यावर आपला थोडा हक्क चालतो, पण ज्याची आपल्याला भीती वाटत नाही, असा कुणीही.” त्या शिडीवरून उतरल्या. “झुलू भाषेत मामाला काय म्हणतात माहितेय? ‘मालुमे’. फोड केली तर, पुरुष आई.”

पुरुष आई! मला एकदम मामाच दिसला. मी सहावीत असताना आई तापानं फणफणली होती, तिला बिछाना सोडता येत नव्हता, तेव्हा तीन दिवस माझ्या वेण्या मामानं घातल्या होत्या. मशीनचा पट्टा ओढून बसवावा तशा घट्ट. माझे डोळे कानांपर्यंत ताणले गेले होते.

“आता चिठ्ठ्या दाखव.”

कोशबाईंनी चार चिठ्ठ्या वाचल्या. शिपाईमामांच्या चिठ्ठीला त्या मोठ्यानं हसल्या. मग पाचवी वाचली. तिच्यावर असं होतं: ‘मी मामाला मामा बनवलं. कोण बोललं: मी. कुणाला: मनात. कशावरून: त्यानं जाऊ नये म्हणून मशीन बिघडवलं त्यावरून.’

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मशीन कुठलं, कोण कुठे जाणार, काहीसुद्धा विचारलं नाही. चिठ्ठी नुसती माझ्याकडे परत सरकवली.

“ही घेता येणार नाही.”

“का? खरी आहे.”

“अर्धी आहे. बनवणारीचं वाक्य आहे. ज्याला बनवलं त्याचं कुठंय?”

“त्याला माहीतच नाही, बाई. म्हणून तर तो मामा बनला ना.”

“त्याला विचारलंस?”

मी गप्प. मी! गप्प! चष्मिश आणि लंबू असत्या तर कॅलेंडरवर खूण करून ठेवली असती.

“आणि बाई, शब्दाचं उत्तर?” मी निघता निघता विचारलं. “काका का नाही?”

“मी कोशात लिहिणार, ‘उगम अनिश्चित’. आणि मला त्याची अजिबात लाज वाटणार नाही. पण तुझी चिठ्ठी पुरी झाली तर घेऊन ये. मला ती हवीय.”

घरी पोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. आई आत स्वयंपाकघरात होती. बाबा अजून लॅबमध्येच. मामा मशीनसमोर स्टुलावर बसून जुन्या फडक्यानं त्याचं चाक पुसत होता. मशीनवर त्याचा फोन, आणि फोनखाली ते पत्र.

“कुणाला फोन?”

“कारखान्याच्या साहेबांना. दोन वाजता कर म्हणालेत.” तो चाक पुसतच राहिला. “नाही जमत म्हणून सांगतो. एकोणीस पडदे राहिलेत. मशीनचा भरवसा नाही. ताईला मध्येच टाकून कसा जाऊ?”

हेच तर हवं होतं मला! तीन दिवस याच्यासाठी घाम गाळला होता. मग आनंद कुठे अडकला होता? शटलमध्ये?

मी चिठ्ठी काढली. पेनही काढलं, कारण रिकाम्या हातानं मला बोलता आलं नसतं.

“मामा, कोशासाठी विचारतेय हं. तुला कुणी कधी मामा बनवलंय?”

तो थांबला. फडक्याची नीट घडी घातली. “कधी म्हणजे? या आठवड्यात धरून?”

माझ्या कानातून वाफ निघाली असावी.

“सोमवारी मी शेजारच्या दुकानात तुला दाखवलं की सुई उलटी बसली की टाके सुटतात,” मामा म्हणाला. “मंगळवारी इथे सुई उलटी. मंगळवारी तुला ताणाचा स्क्रू समजावला. बुधवारी ताणाचा स्क्रू सैल. बुधवारी म्हटलं, दातांखाली कचरा साठतो. अगं बॉबिन, मशीन म्हातारं होतं, पण ते माझी शिकवणी ऐकून आजारी पडत नाही!”

“तुला ठाऊक होतं? पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवशी शंका आली. दुसऱ्या दिवशी स्क्रू अगदी मोजून दोन आटे सैल होता. आपोआप सैल होणारा स्क्रू मोजत नाही.” त्याला हसू आवरेना. “तिसऱ्या दिवशी तर मी वाट बघत होतो, आज काय करते. बोळा छान बसवला होतास. इतक्या आत कुणाचं बोट जात नाही.”

“मग बोलला का नाहीस? मला वाटलं मी तुला मामा बनवलं!”

“बनवलं कुठे? मी बनलो.”

“काय फरक आहे?”

“तूच सांग. तू कोशवाली.” त्यानं मशीनचं चाक सहज फिरवलं. सुई वर, सुई खाली. “तू लहानपणी डोळे मिटून माझ्या खाटेखाली लपायचीस. पाय बाहेर. मी सगळं घर शोधायचो. स्वयंपाकघर, मोरी, पिठाच्या डब्यातसुद्धा बघायचो. तेव्हा मला कुणी बनवत होतं का? आणि खरं सांगू, मलाही निघायची घाई नव्हती. बिघडलंय तर बिघडलंय, म्हटलं. आणखी एक दिवस.”

मी ते लिहून घेतलं. ‘बनवलं कुठे? मी बनलो. कोण बोललं: मामा. कुणाला: मला.’ लिहिताना शाई पसरली, पण त्याचं कारण मी चिठ्ठीवर लिहिणार नाही.

“आईचा पडदा माझ्यामुळे उसवावा लागला,” मी म्हणाले.

“हो. ते वाईट झालं. गुरुवारी आल्या आल्या बोळा काढायला हवा होता मी. मी काढेपर्यंत ताईनं पडदा शिवायला घेतला होता. ती चूक अर्धी माझी.” तो फोनकडे वळला. दोनला चार मिनिटं होती.

“थांब. एक सांग. पडदे, आई, मी, मशीन, सगळं बाजूला ठेव. तुला जायचंय का नाही?”

“अगं, प्रश्न तो नाही...”

“प्रश्न तोच आहे! मी अख्ख्या सभागृहासमोर विचारू शकते, इथे तर तू एकटाच आहेस. जायचंय की नाही?”

मामानं फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग त्याचा चेहरा असा झाला की तो मला एकदम माझ्याएवढा वाटला. “तिथे तीनशे मशीनं आहेत, बॉबिन. तीनशे! एका वेळी चालू झाली की कसा आवाज येत असेल? त्यात काही अशी आहेत जी मी फक्त चित्रात बघितलीत. एक आहे, नुसती काजं करते. आठ सेकंदांत एक काज.” त्यानं हवेतच काज करून दाखवलं. “मला ती एकदा उघडून बघायचीय.”

मी फोन उचलला आणि माझ्या गणवेशाच्या खिशात टाकला.

“ए! दोन वाजतायत!”

“वाजू देत. आधी एक सांग. पट्टा सैल झाला तर काय करायचं?”

“हे काय आता मध्येच...”

“सांग!”

“थोडा तुकडा कापायचा आणि टोकं पुन्हा हुकानं जोडायची. पण...”

“आणि दोरा सारखा तुटला तर?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच स्टुलावरून उठला आणि मला बसायची जागा करून दिली. त्यानंतर साडेतीन तास आम्ही मशीनसमोर होतो. त्यानं एकेक भाग सोडवला, मी एकेक बसवला. दोनदा चुकीचा बसवला. एकदा एक स्प्रिंग उडून थेट आईच्या चहात पडली, आणि आई म्हणाली, “तुम्हा दोघांचं काय चाललंय ते मला कळायला हवंय का?” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, “संध्याकाळी!” तेल कुठे द्यायचं त्या सात जागा मी डोळे मिटून बोटानं दाखवल्या. सातवी चुकली. पुन्हा दाखवल्या.

साडेपाचला बाबा आले. आईनं टेबलावरचं कापड बाजूला केलं. मी स्टुलावर उभी राहिले, कारण आमच्याकडे माइक नाही.

“उतर खाली, पडशील,” आई म्हणाली.

“आधी कबुली,” मी म्हणाले. “मशीन जुनं झालेलं नाही. ते मी बिघडवत होते. सुई, स्क्रू आणि बोळा. मामानं जाऊ नये म्हणून.”

आईचा हात हवेतच राहिला. “म्हणजे तो अख्खा पडदा मी... माझा अंगठा...”

“हो, आई.”

“सुई उलटी बसवायची अक्कल आहे,” बाबा म्हणाले, “आणि माझा चष्मा शोधायला सांगितला की म्हणते, मला काय कळतं!”

“तू गप्प काय बसलायस?” आई मामाकडे वळली. “तुला ठाऊक होतं?”

मामा छताकडे बघत राहिला. आईनं त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मग एक मला घालायला वळली, पण मी स्टुलावर होते, त्यामुळे तो पोटरीवर बसला. आणि मग ती एकदम हसायला लागली. अंगठ्याची पट्टी डोळ्यांना लावून हसायला लागली. तो धपाटा मी आनंदानं घेतला. तो माझाच होता.

“आता माझा निर्णय ऐका,” मी म्हणाले. माइकशिवायही सगळ्यांना ऐकू गेलं. “मामा सोमवारी तिथे हजर होणार. कारखान्यात फोन मी मघाशीच लावून दिलाय आणि तो त्यात ‘येतो’ असं म्हणालाय, मी शेजारी उभी होते. राहिलेल्या एकोणीस पडद्यांचं मशीन माझ्या ताब्यात. सकाळी शाळेआधी साफ करायचं मी, तेल द्यायचं मी, बिघडलं तर उघडायचं मी. पंधरा मिनिटं झगडूनही जमलं नाही तरच मामाला फोन करायचा, आणि तोही त्याच्या सुट्टीच्या वेळात. पडदा उसवायची वेळ आली तर तोही मीच उसवणार. बाबा, तुमच्या बाथरूमच्या रांगेत सोमवारपासून एक माणूस कमी, पण सकाळी साडेपाचला पहिला नंबर माझा. हे सगळं माझं ठरलंय. आणि आई, तू नाही म्हणालीस तरी ठरलंय.”